ख्यापन आणि अनुताप : दक्षिण आफ्रिकेंतील सत्य व समेट आयोगाचा एक विचार

दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाची राजवट संपल्यावर तेथील नव्या लोकसभेनें इ. स. १९९५ त एक कायदा करून 'सत्य व समेट आयोग' निर्माण केला, आणि त्याच्या अध्यक्षपदीं केपटाऊनचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांची योजना झाली. या आयोगाविषयीं आपल्याकडे जें बोललें व लिहिलें जातें त्यांत एक समजूत वारंवार आढळते. ती अशी कीं, तेथील काळ्या लोकांनीं ख्रिस्ती धर्मास अनुसरून आपल्या छळकर्त्यांस क्षमा केली आणि त्या क्षमेनें दुभंगलेला समाज सांधला गेला. ही समजूत ऐकावयास गोड आहे. परंतु आयोगाचा मूळ कायदा, त्याचे निर्णय आणि त्यापूर्वीं तेथील चर्चमध्यें झालेले वाद हीं समोर ठेवून पाहिलें असतां ती टिकत नाहीं. कायद्यानें दिली ती दंडमाफी होती. क्षमा ही निराळी वस्तु आहे. या दोहोंची गल्लत कशी झाली आणि तिचा भुर्दंड कोणास बसला, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम चर्चची हकीकत सांगितली पाहिजे. वर्णभेद तेथें केवळ पोलिसांच्या दंडुक्यावर उभा नव्हता. त्यास धर्माचा टेकू होता. डच वसाहतवाल्यांच्या वंशजांचें प्रमुख चर्च म्हणजे डच रिफॉर्म्ड चर्च. त्याच्या इ. स. १८५७ च्या धर्मसभेंत असा ठराव झाला कीं, नवख्रिस्ती काळ्यांस गोऱ्यांच्याच मंडळींत सामावून घ्यावें हें इष्ट व शास्त्रसंमत खरें; तथापि कांहीं जणांच्या दुर्बलतेमुळें त्यापासून धर्मकार्यास जेथें बाध येत असेल, तेथें त्यांची उपासना वेगळ्या जागीं होण्यास हरकत नाहीं. तत्त्व मान्य करावयाचें आणि व्यवहारापुरती सवलत काढावयाची, ही रीत जातिभेदाच्या देशांत वाढलेल्या आम्हांस नवी नाहीं. दक्षिण हिंदुस्थानांतील ख्रिस्ती मंडळ्यांतही जातवार बैठकी होत्याच. परंतु तेथें कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं इ. स. १८३३ त पत्र काढून चर्चमधील जातिभेद तत्काळ सोडण्याची आज्ञा केली. ती सर्वांनीं पाळली नाहीं हें वेगळें. पण ती आज्ञा होती, सवलत नव्हती. केपमधील सवलत मात्र पुढें वाढतच गेली. इ. स. १८८१ त मिश्रवर्णीयांसाठीं स्वतंत्र मिशन चर्च निघालें. इ. स. १९४८ त नॅशनल पक्षाच्या हातीं सत्ता आली तेव्हां त्याचे मुख्य प्रधान डी. एफ्. मालान हे पूर्वाश्रमींचे याच चर्चचे धर्मोपदेशक होते. जें दुर्बलांची सोय म्हणून आलें तें नव्वद वर्षांनीं ईश्वरी योजना म्हणून मिरवूं लागलें.

या मताविरुद्ध आंतून आवाज उठला नाहीं असें नाहीं. ता. २१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें पोलिसांनीं जमावावर गोळीबार करून ६९ माणसें ठार केलीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत जोहान्सबर्गजवळ कॉटेस्लो येथें निरनिराळ्या चर्चांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं वर्णभेदावर सौम्य भाषेंत कां होईना, पण टीका केली. डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप व ट्रान्सवाल येथील प्रतिनिधींची तीस संमति होती. मुख्य प्रधान फेरवुर्ड यांस हें रुचलें नाहीं, आणि वर्षाच्या आंत त्या चर्चच्या धर्मसभांनीं स्वतःच्याच प्रतिनिधींचें मत फेटाळून लावलें. एक गृहस्थ तेवढे मागें फिरले नाहींत. बेयर्स नॉडे हे जन्मानें, शिक्षणानें व संबंधानें त्या समाजाच्या अगदीं गाभ्यांतले. त्यांचे वडील ब्रूडरबाँड या गुप्त मंडळाच्या संस्थापकांपैकीं होते. त्यांनीं इ. स. १९६३ त 'ख्रिश्चन इन्स्टिट्यूट' काढली आणि धर्मोपदेशकाचें पद गमावलें. इ. स. १९७७ त सरकारनें ती संस्था बंद केली व नॉडे यांच्यावर निर्बंध घातले. ते सात वर्षें राहिले.

मिश्रवर्णीयांच्या ज्या मिशन चर्चचा उल्लेख वर आला, त्यानेंच इ. स. १९८२ त बेलहार येथें एका श्रद्धापत्राचा मसुदा केला व इ. स. १९८६ त तें स्वीकारलें. ऐक्य, समेट आणि न्याय हे त्याचे तीन विषय. ज्यांस वेगळें काढलें त्यांनींच ऐक्याचें श्रद्धापत्र लिहावें, यांतील मर्म वाचकांच्या ध्यानीं येईलच.

परंतु आमच्या प्रस्तुत विषयास सर्वांत महत्त्वाचा कागद निराळा आहे. इ. स. १९८५ च्या जुलैंत सरकारनें देशाच्या अनेक भागांत आणीबाणी पुकारली, आणि सप्टेंबरांत दीडशेंहून अधिक धर्मशास्त्र्यांच्या व धर्मोपदेशकांच्या सह्यांचें एक पत्रक बाहेर पडलें. त्याचें नांव 'कायरॉस'. हा ग्रीक शब्द साध्या काळाचा वाचक नाहीं. निर्णयाची नेमकी घटिका असा त्याचा अर्थ आहे. पत्रककर्त्यांनीं त्या वेळच्या धर्मविचाराचे तीन वर्ग केले: पहिला शासनाचा, दुसरा चर्चचा व तिसरा संदेष्ट्यांचा. शासनाच्या धर्मविचारावर टीका होणार हें उघडच होतें. विशेष हें कीं, त्यांचा खरा रोख दुसऱ्या वर्गावर, म्हणजे वर्णभेदास नापसंत म्हणणाऱ्या पण सर्वांस समेटाचा उपदेश करणाऱ्या सभ्य चर्चवर होता. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. कांहीं भांडणांत दोन्ही पक्षांची थोडीथोडी चूक असते, तेथें समेटाची भाषा योग्य आहे. परंतु जेथें एक पक्ष सशस्त्र जुलमी आणि दुसरा निःशस्त्र पीडित आहे, तेथें दोघांस सारखाच उपदेश करणें म्हणजे जुलमाच्या बाजूस जाऊन बसणें होय. अन्याय दूर झाल्यावांचून समेट नाहीं आणि पश्चात्तापावांचून क्षमा नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता. हें मत ख्रिस्ती धर्मग्रंथांस सोडून आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पांचवा अध्याय पाहावा. वेदीपाशीं दान घेऊन आलेल्या माणसास आपल्या भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें स्मरलें, तर त्यानें दान तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, असें तेथें सांगितलें आहे. जावयाचें आहे तें अपराध्यानें. लूकच्या शुभवर्तमानांतील जकातदार जक्कय यानें तर लुबाडलेल्याचें चौपट परत करण्याचें कबूल केलें आहे.

म्हणजे आयोग निघण्यापूर्वीं दहा वर्षें तेथील ख्रिस्ती विचारवंतांनीं क्षमेच्या अटी स्पष्ट सांगून ठेविल्या होत्या. कायद्यानें त्यांतील किती घेतल्या?

इ. स. १९९३ चें तात्पुरतें राज्यसंविधान हें दोन पक्षांतील तडजोडीचें फळ होतें. सैन्य व पोलीस जुन्यांच्या हातीं, जनता नव्यांच्या मागें. कोणीच कोणास पूर्ण जिंकलें नव्हतें. त्या संविधानाच्या उपसंहारांतच राजकीय हेतूनें केलेल्या कृत्यांस दंडमाफी मिळेल असें अभिवचन होतें. १९९५ च्या कायद्यानें त्यास आकार दिला. कृत्य ठराविक मुदतींतलें असावें. मुदत प्रथम १ मार्च १९६० ते ५ डिसेंबर १९९३ होती, ती पुढें १० मे १९९४ पर्यंत वाढविली. कृत्याचा हेतु राजकीय असावा. आणि अर्जदारानें सर्व हकीकत पूर्णपणें उघड करावी. पश्चात्ताप दाखविण्याची अट कायद्यांत नाहीं, क्षमा मागण्याचीही नाहीं. अर्जदार निर्विकार चेहऱ्यानें सर्व सांगून उठला, तरी तो माफीस पात्र होता.

येथें धर्मशास्त्राच्या अभ्यासकास एक भेद सहज सुचतो. मनुस्मृतीचें नांव काढतांच आज पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. त्या ग्रंथांतील वर्णविषमता पाहतां ती यथार्थ आहे, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाड येथें तिचें जें दहन झालें त्याचें कारणही तेंच. तथापि तिच्या अकराव्या अध्यायांतील प्रायश्चित्तविचारांत पापमुक्तीचीं जीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें ख्यापन व दुसरें अनुताप हें आहे. ख्यापन म्हणजे आपलें कृत्य आपल्या तोंडानें उघड करणें. अनुताप म्हणजे त्याबद्दल मनांत पोळणें. शास्त्रकारांनीं हीं दोन एक मानलीं नाहींत. ख्यापन ऐकतां येतें, लिहून घेतां येतें, पुराव्याशीं ताडून पाहतां येतें. अनुताप न्यायाधीशास मोजतां येत नाहीं, आणि मोजूं म्हटलें तर ढोंगास उत्तेजन मिळतें. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यानें ख्यापन घेतलें आणि अनुताप सोडला. आमच्या मतें कायदा म्हणून तें बरोबरच होतें. मात्र मग त्यापासून जें निपजतें त्यास क्षमा म्हणूं नये. 'क्षम्' धातूचा अर्थ सोसणें. ज्यानें सोसलें त्याच्याच अधिकारांतली ती गोष्ट आहे, सरकारच्या समितीच्या नव्हे.

इंग्रजींत दंडमाफीस जो शब्द वापरतात त्याचें मूळ 'अम्नेस्तिया' या ग्रीक शब्दांत आहे व त्याचा अर्थ विस्मरण असा आहे. इसवी सनापूर्वीं ४०३ या वर्षीं अथेन्समध्यें यादवी संपली, तेव्हां नागरिकांनीं मागील अपकार न उकरण्याची शपथ घेतली होती. दक्षिण आफ्रिकेनें या शब्दाचा अर्थ उलटा केला: आठवून सांगाल तर माफी, विसराल तर खटला. ही कल्पना खरोखर नवी होती, आणि आयोगाचें श्रेय सांगावयाचें तर तें येथें सांगावें. चिली देशांतील लष्करी सरकारनें इ. स. १९७८ त आपली आपणच सरसकट माफी करून घेतली होती. तसें येथें झालें नाहीं.

आयोगाची पहिली जाहीर बैठक १५ एप्रिल १९९६ रोजीं ईस्ट लंडन येथें भरली. सतरा सभासदांत अध्यक्ष आर्चबिशप, उपाध्यक्ष अलेक्स बोरेन हे मेथडिस्ट चर्चचे माजी प्रमुख. बैठकीचा आरंभ प्रार्थनेनें होई, टुटू जांभळ्या धर्मवेषांत बसत. कायद्याचें काम आणि उपासना यांची सरमिसळ लोकांच्या मनांत झाली, ती येथून. एकवीस हजारांहून अधिक पीडितांचे जबाब आले, त्यांपैकीं सुमारें दोन हजारच जाहीर ऐकले गेले. पहिल्याच बैठकींत क्रॅडॉकच्या नोमोंडे कलाटा यांची साक्ष झाली. त्यांचे पति फोर्ट कलाटा आणि त्यांचे तीन सहकारी यांस जून १९८५ त रस्त्यांत अडवून पोलिसांनीं ठार केलें होतें. साक्ष देतां देतां त्या बाईंनीं जो टाहो फोडला त्याचें वर्णन त्या वेळच्या बहुतेक वृत्तांतांत आहे.

क्षमा करणारे तेथें निघाले, हें नाकारतां येत नाहीं. ऑगस्ट १९९३ त एका जमावानें मारलेल्या एमी बील या अमेरिकन तरुणीच्या आईबापांनीं मारेकऱ्यांच्या माफीस विरोध केला नाहीं. पुढें त्यांपैकीं दोघे त्यांनींच मुलीच्या नांवें काढलेल्या संस्थेंत काम करूं लागले. पण न करणारेही होते. इ. स. १९८१ त पोलिसांनीं मारलेला सिझ्वे कोंडिले याच्या आईपाशीं, त्या प्रकरणांतील एक अधिकारी डर्क कुट्झी यानें क्षमायाचना केली. ती बाईनें नाकारली. मंडेला व टुटू यांच्या जीवनाचें सार्थक झालें आहे, त्यांस क्षमा सोपी आहे. माझ्या जीवनांत कांहींच पालटलें नाहीं, असा तिच्या उत्तराचा आशय होता. ही बाई अनुदार होती असें म्हणावयास आम्ही धजत नाहीं. कायरॉस पत्रकांतील दीडशें धर्मशास्त्र्यांनीं जें लांबवून सांगितलें, तेंच तिनें दोन वाक्यांत सांगितलें.

स्टीव्ह बिको व इतर मृतांच्या कुटुंबांनीं तर या कायद्यालाच संविधान न्यायालयांत आव्हान दिलें. माफी मिळालेल्यावर फौजदारीही नाहीं व दिवाणीही नाहीं, हा न्यायालयाचें दार बंद करण्याचा प्रकार आहे, असें त्यांचें म्हणणें. जुलै १९९६ त निकाल लागला, तो हिंदी वंशाचे न्यायमूर्ति इस्माईल महमद यांनीं लिहिला. कायदा वैध ठरला. परंतु पीडितांचें दुःख न्यायमूर्तींनीं लपविलें नाहीं. सत्य बाहेर यावें व देश पुढें जावा यासाठीं हा मोबदला दिला जात आहे, आणि नुकसानभरपाई हा त्याच व्यवहाराचा भाग आहे, अशी त्या निकालाची बैठक आहे.

मोबदला म्हटला कीं हिशेब आला. माफीचे एकूण अर्ज ७,११२. त्यांपैकीं मंजूर ८४९. म्हणजे आयोगानें माफीची खैरात केली हा आक्षेप खोटा आहे. पुष्कळ अर्ज साध्या गुन्हेगारांचे होते, ते फेटाळले गेले. बिको यांच्या मृत्यूच्या प्रकरणांतील पोलिसांचे अर्जही इ. स. १९९९ त फेटाळले गेले, आणि क्रॅडॉकच्या हत्येंतील अर्जांचीही तीच गत झाली. माजी अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोटा आयोगापुढें आलेच नाहींत. आयोगानें पक्षपात केला असेंही म्हणतां येत नाहीं, कारण ऑक्टोबर १९९८ त अहवाल निघतांना तो थांबविण्यासाठीं न्यायालयांत धांव घेतली ती खुद्द सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनें, आणि ती हरली. आतां सरकारची बाजू पाहूं. आयोगानें पीडितांस सहा वर्षें दरसाल सुमारें १७,००० ते २३,००० रँड द्यावे अशी शिफारस केली होती. सरकारनें एप्रिल २००३ त जाहीर केले ते एकदांच ३०,००० रँड. ज्यांस माफी नाकारली किंवा ज्यांनीं ती मागितलीच नाहीं, अशांचीं सुमारें तीनशें प्रकरणें खटल्यासाठीं सरकारी वकिलांकडे सोंपविलीं गेलीं. त्यांतील खटले बोटांवर मोजण्याइतकेच उभे राहिले.

त्यांपैकीं एकाची हकीकत विलक्षण आहे. अॅड्रियान फ्लोक हे इ. स. १९८६ ते १९९१ पर्यंत पोलीस खात्याचे मंत्री. चर्च परिषदेचें कार्यालय जें खोत्सो हाऊस, त्यावरील १९८८ च्या बाँबस्फोटाबद्दल त्यांनीं माफी मागून ती मिळविली होती. परंतु त्या परिषदेचे सरचिटणीस फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांस विष लावून त्यांस मारण्याचा जो प्रयत्न इ. स. १९८९ त झाला, त्याचें ख्यापन त्यांनीं केलें नव्हतें. ऑगस्ट २००६ त फ्लोक चिकाने यांच्या कचेरींत गेले व त्यांचे पाय धुतले. येशूनें शिष्यांचे पाय धुतले त्या कथेचें हें अनुकरण, हें सांगावयास नको. कोणी या कृत्यास नाटक म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं; सत्ता गेलेल्या अडुसष्ट वर्षांच्या मंत्र्यास त्यापासून मिळण्यासारखें फार थोडें होतें. परंतु पुढील वर्षीं ते न्यायालयापुढें उभे राहिले, तेव्हां सरकारी वकिलांशीं आधीं ठरवून गुन्हा कबूल झाला, दहा वर्षांची शिक्षा झाली व ती तहकूब ठेवण्यांत आली. विष कोणाकोणास घालावयाचें होतें, यादी कोणीं केली, हें तेथें फारसें बाहेर आलें नाहीं. पूर्वीं आयोगापुढें अनुतापावांचून ख्यापन होत होतें, येथें पुरेशा ख्यापनावांचून अनुताप दिसला.

आपल्या जुन्या महजरांत व निवाडपत्रांत ज्यांनीं डोकें घातलें आहे, त्यांस हें अपुरें कां वाटतें तें सांगावें लागणार नाहीं. गोतापुढें हरलेल्या वादीकडून येजितखत घेत, म्हणजे आपण खोटे झालों हें त्याच्या हातचें लेखी. सरकारांत गुन्हेगारी भरावी लागे. आणि जातींतील दोष असेल तर गोतपत होऊन पंक्तीस बसविलें म्हणजे मग प्रकरण मिटलें म्हणत. त्या पंक्तींत कोणास प्रवेश नव्हता, हें आम्ही विसरलेलों नाहीं. ती व्यवस्था न्याय्य होती असा आमचा दावा नाहीं. पण लेख, भरणा व पंक्ति या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि एकीनें दुसरीचें काम भागत नाहीं, हें त्या कारकुनांस पक्कें ठाऊक होतें. मराठी बायबलांत ग्रीक 'कतलागे' या शब्दास 'समेट' हा शब्द योजला आहे. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशीं बदलणें, अदलाबदल करणें असा भाव आहे. अदलाबदलींत दोन्ही हात पुढें यावे लागतात.

टुटू यांस हा भेद कळत नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. क्षमेवांचून भविष्य नाहीं असें त्यांनीं १९९९ च्या आपल्या ग्रंथाच्या नांवांतच म्हटलें. पण भरपाई तोकडी दिल्याबद्दल व खटले न चालविल्याबद्दल त्यांनीं सरकारास जाहीरपणें दोष दिला. ते २६ डिसेंबर २०२१ रोजीं निवर्तले.

न चाललेल्या खटल्यांचें एक उदाहरण हिंदी वंशाच्या माणसाचें आहे. अहमद टिमोल हे रूडपोर्ट येथील शाळामास्तर. ऑक्टोबर १९७१ त ते पोलिसांच्या ताब्यांत असतां जोहान्सबर्गच्या चौकीच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेले. चौकशींत आत्महत्या ठरली. त्यांच्या वृद्ध मातेनें इ. स. १९९६ त आयोगापुढें साक्ष दिली. माफीचा अर्ज कोणींच केला नाहीं. ऑक्टोबर २०१७ त, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनीं, दुसऱ्या चौकशींत न्यायाधीशांनीं तो खून ठरविला. हयात असलेल्या एका पोलिसावर २०१८ त आरोप ठेवला गेला, आणि खटला उभा राहण्यापूर्वींच तो २०२१ त मरण पावला.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत राजदंड भोगलेला अपराधी निष्पाप होतो असें म्हटलें आहे. म्हणजे दंड हाही शुद्धीचाच एक मार्ग मानला आहे. तो मार्ग या माणसास खुला झाला नाहीं, आणि टिमोल कुटुंबास सत्य मिळालें तें आयोगाकडून नव्हे, तर न्यायालयाकडून.

जानेवारी २०२५ त कांहीं कुटुंबांनीं सरकारविरुद्धच दावा लावला कीं, आयोगानें सोंपविलेलीं प्रकरणें हेतुपुरस्सर दाबून ठेवण्यांत आलीं. दावेदारांत पहिलें नांव फोर्ट कलाटा यांच्या मुलाचें आहे. वडील मारले गेले तेव्हां तो तीन वर्षांचा होता. त्याच वर्षीं अध्यक्ष रामाफोसा यांनीं या आरोपाच्या चौकशीसाठीं निवृत्त न्यायाधीश सिसी खाम्पेपे यांच्या अध्यक्षतेखालीं नवा आयोग नेमिला. खाम्पेपे या १९९५ च्या सतरा सभासदांपैकींच एक होत; दंडमाफीचे अर्ज ज्या समितीपुढें चालले, त्या समितीवर त्यांनीं काम केलेलें आहे.